लोंबते धागे

समजा, तुमच्या मांडीवर एक जुनं सुती कापड आहे. त्यावर शिंप्याकडची कात्रणं ठेवली आहेत, एकावर एक, जराशी वाकडी. सहापदरी धाग्यातले दोन पदर सोडवून तुम्ही सुईत ओवलेत. आता साधा धावदोरा घालायचा. वर, खाली, वर. नक्षी ठरलेली नाही, घाई नाही, टाका मोठा पडला तर पडू द्यायचा. शेवटी गाठ मारायची नाही. बोटभर धागा तसाच लोंबत सोडायचा आणि पुढचं कात्रण उचलायचं.

सोपं वाटतं ना? माझ्या मावशीला हे जमायला निवृत्तीनंतर वर्ष लागलं. अडायचं ते शेवटच्या पायरीवर. लोंबता धागा दिसला की तिचा हात आपोआप कात्रीकडे जायचा.

तिने एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात तपासणीचं काम केलं होतं. लांबलचक टेबल, डोक्यावर पांढऱ्या ट्यूबलाइट, समोर शर्टांचा ढीग. शर्ट आधी उलटा बघायचा, मग सुलटा. एका शर्टाला चाळीस सेकंद. तीन मिलीमीटरपेक्षा लांब धागा राहिलेला दिसला की लाल चिकटपट्टी लावायची आणि शर्ट परत. सगळे तिला ‘भिंग’ म्हणायचे, आधी पाठीमागे, नंतर तोंडावर.

पलीकडच्या टेबलावर धागे कापणाऱ्या बायका. त्यांतली एक माझी आई, मावशीची सख्खी धाकटी बहीण. मी पोटात होतो, सातवा महिना होता, तेव्हा एकाच दिवशी मावशीने आईचे चौदा शर्ट परत पाठवले. सुपरवायझरने आठ दिवस आईचं स्टूल काढून घेतलं. आई हे हसत हसत सांगते, “तेव्हापासून हाही उभाच आहे बघा.” ऐकणारे हसतात. मावशी उठून पाणी आणायला जायची.

तर, निवृत्तीनंतर मावशीने ते कापड सुरू केलं. खाली राहणारा शिंपी कात्रणांची पिशवी दारात ठेवायचा. “काय शिवताय?” असं त्याने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा “काही नाही” हे उत्तर ऐकून विचारणं सोडलं. उत्तर खरंच होतं. ती उशी नव्हती की पडदा नव्हता. चार वर्षांत ते कापड टेबलाएवढं झालं आणि त्यावर शेकडो धागे लोंबत होते, निळे, राखाडी, पिवळे. मावशी त्यांवरून उघडा तळवा फिरवायची. मला एकदा म्हणाली, “हे कुणी तपासणार नाही.” एवढं बोलताना तिचा चेहरा किती मोकळा झाला होता.

यंदा तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने आधीपासूनच धूसर दिसायचं. आई स्वतःहून आठ दिवस राहायला गेली. स्वयंपाक, डोळ्यात थेंब, अंथरूण, सगळं तिने केलं. दुपारी मावशी पडून राहायची, आई खिडकीशी बसायची. मावशीला टच, टच असा आवाज ऐकू यायचा. तो आवाज तिने एकतीस वर्षं ऐकला होता. त्या आवाजात तिला छान झोप लागली, हे तिनेच मला सांगितलं.

नवव्या दिवशी आईने कापड तिच्यासमोर पसरलं. मीही तिथे होतो. धुतलेलं, इस्त्री केलेलं. एकही धागा लोंबत नव्हता.

“तीन दुपारी लागल्या,” आई म्हणाली. “किती गबाळं होतं गं. तू केलंयस असं वाटतच नव्हतं.”

कारखान्यात धागा कापायची एक रीत आहे. टोक धरून हलकेच ताणायचं आणि अगदी बुडाशी कापायचं, म्हणजे उरलेलं टोक आत जातं. मशीनची शिवण त्याने उसवत नाही. पण इथे गाठच नव्हती. टाके त्या टोकांच्या भरवशावर उभे होते. मावशीने कापड उचललं तसं पहिलं कात्रण सुटून खाली पडलं. मग दुसरं. धुण्याने सैल झालेले टाके एकेक करून सरकत होते. मला काहीतरी करायला हवं होतं, मी नुसता कात्रणं वेचत राहिलो.

“मी कापायला सांगितलं होतं?” मावशीने विचारलं.

“सांगायला कशाला हवं? आयुष्यभर तूच परत पाठवत होतीस ना.”

आई हे नेहमीच्याच आवाजात बोलली. मग तिने पिशवी भरली, थेंबांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवल्या आणि घरी आली. तिचं म्हणणं आजही तेच आहे, हाताला वळणच तसं, लोंबता धागा बघवत नाही. जित्याची खोड. शेजारणींना ती हा किस्साही हसत सांगायला लागली आहे.

परवा मी मावशीकडे गेलो. कापड पिशवीत कोंबलेलं होतं, शिंप्याला कात्रणं ठेवू नकोस म्हणून निरोप गेला होता. मी म्हटलं, पुन्हा शिवता येईल, डोळा आता स्वच्छ झालाय. ती म्हणाली, डोळा स्वच्छ झाला म्हणून तर टाके वाकडे दिसतात.

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली.

“तुझ्या आईला एक विचारशील? मी विचारलं तर भांडण होईल.” ती थांबली. “मी तिथेच पडले होते, पट्टी बांधून. कापताना तिचं लक्ष धाग्याकडे होतं, की माझ्याकडे?”