कोनाड्यातला मोबाईल

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, साथीच्या दिवसांत दौंडजवळच्या राहू गावाला रोगापेक्षा जास्त धास्ती होती ती माझ्या मामेसासऱ्यांच्या मोबाईलची. रोगी जवळ आला की सांगणारं ॲप गावात पहिलं त्यांनी घेतलं आणि त्यांच्यातला फौजदार जागा झाला. मी जावई, पण मलासुद्धा उंबऱ्यावर अडवलं. "जावईबापू, आधी फोन दावा, मग च्या घ्या." मी ॲपवर हिरवा, म्हणजे सुरक्षित, निघालो, चहा तोवर गार झाला होता. म्हशीच्या डॉक्टरला तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं, कारण त्याच्याकडं बटणांचा साधा फोन. "रंगच न्हाई, तर भरवसा कशाचा?"

हा फोन चार्जिंगला असायचा मधल्या भिंतीच्या कोनाड्यात. भिंतीपलीकडं धाकटे भाऊ, तात्या. बांधावरच्या एका लिंबाच्या झाडापायी दोघांत चौदा वर्षं अबोला. तेच ॲप घेतलेला तात्यांचा फोनही तिकडून त्याच भिंतीला टेकलेला. म्हणजे भाऊ रुसलेले, फोन मात्र रोज भेटत होते.

एका सकाळी मी मामांबरोबर डेअरीवर गेलो. रांगेत फोन किणकिणला. मामांनी सवयीनं मोठ्यानं वाचलं, "आपण बाधित व्यक्तीच्या जवळ होता." रांग दोन पावलं मागं सरकली. मामा लालबुंद.

"आठ दिसांत आज पयल्यांदा घर सोडलंय म्या! घरात आमी दोघं, आन् जावई तर हिरवा. कोनाड्यापल्याड फकस्त…"

आणि थांबले. पण निघालं ते निघालं. ॲपनं नाव सांगितलं नव्हतं, गावात तपासणी करणाऱ्या आशाताईंनीही रिपोर्ट कुणाचा ते गुपित ठेवलं होतं; सांगितलं ते मामांनी. सगळ्यांच्या माना फाटकाकडं वळल्या. तिथं तात्यांची सून कुणाला न शिवता, कॅन खाली ठेवून लांब उभी होती.

"कॅन माघारी न्या!" कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "दाराला काट्या लावा त्यांच्या!"

दुपारपर्यंत तात्यांच्या दारात बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या. आत तात्यांना धाप लागलेली, दौंडहून निघालेली ॲम्ब्युलन्स वाटेत, आणि सून खिडकीतून हात जोडून, "वाट तरी सोडा वो" म्हणत होती. काट्यांना हात कुणी लावेना.

मामा कोयता घेऊन निघाले. त्यांनी एकेक फांदी तोडून बाजूला ओढली. हात रक्ताळले, पण कुणाकडं पाहिलं नाही. दार मोकळं झालं, तसे ते उंबऱ्यापासून चार हात लांब उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "तात्या, खोकला कवापास्नं हाय रं?"

आतून उत्तर यायच्या आत, मागं पदरानं डोळे पुसत उभ्या असलेल्या मामी भडकून बोलून गेल्या, "चौदा वर्सं भिंतीपल्याडचा खोकला तुमास्नी ऐकू आला न्हाई, आन् मोबाईलला आला व्हय!"