पाकट आणि पाकीट

डॉ. मृणालनी सर्च बॉक्समध्ये ‘पाकट’ टाइप केलं आणि एंटर दाबलं. स्क्रीनवर औषधांच्या पाकिटांचे शोधनिबंध आले. पाकिटावरची सूचना रुग्ण वाचतात का, ओल्या पाकिटातल्या गोळ्या टिकतात का, असले.

“सुजाता, मी मासा मागितला होता,” त्या मला म्हणाल्या.

पाकट म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा. जाळं सोडवताना काटा हातापायात घुसतो आणि धडधाकट माणूस ओरडत लोळतो. डॉ. मृणाल अलिबागच्या एका संशोधन संस्थेत अशा जखमांवर काम करत होत्या. पावसाळा संपून बोटी निघायच्या आत किनाऱ्यावरच्या आरोग्य केंद्रांना उपचारांची माहितीपत्रकं पोचवायची होती. त्यासाठी जुने केस रिपोर्ट, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या एकेका रुग्णाच्या हकिकती, शोधायच्या होत्या. आणि आमच्या कंपनीनं डॉक्टरांसाठी बनवलेल्या नव्याकोऱ्या सर्चनं, स्पेलिंग चुकलंय असं समजून, न विचारता पाकटाचं पाकीट केलं होतं.

जुना सर्च प्लॅटफॉर्म अजून चालू होता. त्यावरचं काम ही माझी पहिली नोकरी. हमीद सर बॉस, मी ज्युनियर. निळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, माउसचं काम नाही. प्रत्येक शोधाला नंबर मिळायचा. मग ‘पहिला आणि तिसरा जोडून दाखव’ अशी आज्ञा द्यायची. नवख्या डॉक्टरांना रडू यायचं. सर त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, “घाबरू नका, हा चावत नाही.” तो प्लॅटफॉर्म आम्ही दोघांनी अक्षर अक्षर करून उभा केला होता. आता तो बदलायचं काम माझ्याकडेच आलं होतं. दुसरा इलाज नव्हता. सर्व्हर सारखा हँग व्हायचा आणि त्याचे पार्ट कुठेच मिळत नव्हते.

मी बेलापूरच्या ऑफिसात राजीवला फोन लावला. तो माझा आताचा बॉस.

“एका शब्दासाठी लाँच थांबवायचं? लाइव्ह जाऊ, मग फिक्स करू.”

“त्यांचं सगळं काम त्या एका शब्दावर आहे.”

“मग ऑटोकरेक्ट बंद कर.”

“बंद केलं की ज्यांचं स्पेलिंग खरंच चुकतं त्यांना काहीच मिळत नाही. औषधांची नावं बरोबर कोण लिहितं रे?”

शेवटी तो म्हणाला, “एक आठवडा. त्यापुढे माझं वर कुणी ऐकणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मी मुरुडची एसटी पकडली. हमीद सर रिटायर होऊन तिथे राहतात. वादळात त्यांची निम्मी वाडी आडवी झाली होती. नवे माड आता खांद्याला लागले होते. सर त्यांना पाणी घालत होते.

पाकटाचा किस्सा ऐकून ते खोकला येईपर्यंत हसले. भाभींनी चहा आणि सांदणं आणली. जुना सर्व्हर बंद होणार हे मात्र माझ्या तोंडून निघेना. शेवटी त्यांनीच विचारलं.

“आपला डबा कधी बंद करताय?”

“या महिन्यात, सर.”

“करा, बेटा. किती दिवस सांभाळणार?” त्यांनी कप खाली ठेवला. “बाकी त्याची एक खोड चांगली होती. काय शोधलं ते वर लिहून दाखवायचा. मशीननं शब्द बदलला तर बदलू दे. पण सांगून बदलावा. डॉक्टर माणूस आहे, त्याला कळायला हवं आपण काय वाचतोय.”

परत येताना मी एसटीतच स्क्रीन कागदावर काढला. रिझल्टच्या वर एक सरळ ओळ: ‘तुम्ही हे लिहिलंत, आम्ही हे शोधलं.’ शेजारी बटण: ‘मी लिहिलंय तेच शोधा.’ प्रत्येक शोधाला पुन्हा नंबर. मासे, साप, विंचू यांची इथली नावं डॉक्टरी नावांना जोडली, म्हणजे पाकट म्हटलं की इंग्रजी रिपोर्टमधला स्टिंगरेही सापडेल. टीमनं कुरकुर न करता आठवडाभर राबून ते उभं केलं.

डॉ. मृणालनी जुना आणि नवा स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून तेच शोध दोन्हीकडे केले. जुन्यात होतं ते सगळं नव्यात आलं. आणि एक रिपोर्ट जास्तीचा आला.

“हा कुठून आला?”

मी उघडून बघितलं. त्यात ‘पाकटाने’ असं लिहिलं होतं. आमचा निळा स्क्रीन नुसतं ‘पाकट’ ओळखायचा. पुढे प्रत्यय लागला की त्याला तो परका शब्द वाटायचा. दिवेआगरकडच्या कुणा डॉक्टरनं रुग्णाचा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवला होता आणि वेदना कशा ओसरत गेल्या ते सविस्तर लिहिलं होतं. डॉ. मृणालनी ते दोनदा वाचलं.

“इतकी वर्षं हा रिपोर्ट इथेच होता,” त्या हळूच म्हणाल्या. “चालू करा तुमचं नवीन.”

जुना सर्व्हर बंद करायच्या दिवशी सर मुद्दाम मुरुडहून आले. बटण त्यांनीच दाबलं. खोली एकदम शांत झाली. सरांनी चष्मा काढून पुसला, आणि आम्ही दोघांनी बाहेर जाऊन वडापाव खाल्ला.

माहितीपत्रकं बोटी निघायच्या आत आरोग्य केंद्रांत पोचली. प्लॅटफॉर्म गेली सहा-सात वर्षं व्यवस्थित चाललाय.

पूर्वी काही सापडलं नाही की डॉक्टर मला फोन करायचे. पेणचे एक डॉक्टर आधी मुलीच्या स्थळांचं सांगायचे, मग सर्चचं विचारायचे. आता कुणाचाच फोन येत नाही. राजीव म्हणतो, हेच तर यश. बरोबर आहे त्याचं. आमच्या धंद्यात काम चोख झालं की ओळखी कमी होतात, एवढंच कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.

परवा मीच पेणला फोन लावला. मुलीचं लग्न कधीच झालंय. नातू शाळेत जातो.