पायरीच्या विटा

प्रानोम माझ्या डोळ्यांत भरली ती चौथीच्या सायकल-सहलीत. दरवर्षी मी मुलांना सायकलींवरून आमच्या अयुथ्या या एकेकाळच्या राजधानीतली जुनी देवळं दाखवायला नेत असे. एका पडक्या देवळातून सगळी मुलं बाहेर धावली, म्हातारीचे केस भरलेल्या पोळ्या खायला. ही एकटी मागे राहिली. चपला दगडावर आपटून झाल्या, मग काडीनं टायरच्या खाचांतली माती कोरत बसली.

"काय गं, पंक्चर?"

"नाही, गुरुजी. देवळाची माती घरी गेली तर पाप लागतं. नववर्षाला ओंजळभर वाळू परत नेऊन टाकली तरी सगळं फिटत नाही म्हणे. आजी सांगते. म्हणून आत्ताच."

मला फार कौतुक वाटलं. मी सगळ्यांना बोलावलं. "शिका हिच्याकडून! नाहीतर लोक देवळाच्या विटासुद्धा उचलून नेतात."

तेवढ्यात मानोप ओरडला, "गुरुजी, हिच्याच घराची पायरी देवळाच्या विटांची आहे! माझी आई सांगते."

प्रानोमचा चेहरा उतरला. मानोपला मी दटावायला हवं होतं. पण मुलं हसायला लागली, आणि हशा दिसला की मला राहवत नसे. मी म्हणालो, "मग धूळ कशाला झटकतेस, बाई? देऊळच दारात मांडलंय की!"

पुढच्या देवळात ती आली नाही. "मी सायकली सांभाळते," म्हणाली. त्यानंतरच्या दोन्ही वर्षी सहलीत सायकली तिनंच सांभाळल्या. 'जबाबदार मुलगी' असं मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं.

मोठेपणी तिनं होड्यांच्या धक्क्याजवळ सायकली भाड्यानं द्यायला सुरुवात केली. पाहुण्यांना घेऊन स्वतःच फिरते. कुठल्या वाटेला सावली, कुठला कुत्रा मागे लागतो, सगळं पाठ. देवळाच्या फाटकाशी मात्र थांबते. "वाट दाखवणारीच बाहेर!" म्हणून नावाडी तिला चिडवतात. एकदा मीही चिडवलं होतं.

गेल्या नववर्षाच्या आधी ती माझ्या दारात आली. सायकलच्या टोपलीत आणि मागच्या पोत्यात मिळून चौदा विटा.

"गुरुजी, अर्ज लिहून द्या. पायरी उखडली. विटा सरकारजमा करायच्यात."

"आता? इतक्या वर्षांनी?"

"नात चौथीत जातेय. तीही सहलीला जाईल."

मी पेनाचं टोपण काढलं. मग मी लिहिलं, 'घरी सापडलेल्या विटा'. तिनं वाकून वाचलं.

"'चोरलेल्या' लिहा."

"तू कुठं चोरल्यास?"

"आणल्या आजोबांनी. पण रोज पाय मीच ठेवला ना त्यांच्यावर."

मी तसं लिहिलं. वर न बघता म्हणालो, "त्या दिवशी मी जे बोललो..."

"असू दे, गुरुजी. खरंच होतं ते."

देवळांची देखरेख करणाऱ्या कचेरीत मीही गेलो. म्हाताऱ्या कारकुनानं एक वीट उलटी करून नखानं माती खरवडली आणि हसला.

"ताई, ही कसली देवळाची? भट्टीची वीट ही! हा शिक्का बघा. माझ्या लग्नापर्यंत चालू होती ती भट्टी."

अकरा विटांवर तो शिक्का निघाला. उरलेल्या तीन त्यानं ठेवून घेतल्या. "ह्यांचं सांगता येत नाही. पण आजोबांनी पायरी विकत आणलेल्या विटांचीच केली, ताई." माझ्या अक्षरातल्या अर्जात मला 'चौदा' खोडून 'तीन' लिहायला लावलं. शेजारचा 'चोरलेल्या' तसाच राहिला.

तिचं घर शाळेपासून सायकलनं पाच मिनिटांवर होतं. मी इतिहास शिकवत होतो. सहलीच्या त्या संध्याकाळी जाऊन एक वीट उलटून बघितली असती, तरी पुरे होतं.

परतताना देवळाच्या फाटकाशी मी म्हणालो, "चल, आता तरी आत जाऊ."

"तुम्ही जाऊन या, गुरुजी. मी सायकली बघते."

मी आत गेलो नाही.

अकरा विटांची पायरी तिनं पुन्हा बसवली आहे. नात तिच्यावरून उड्या मारत शाळेला जाते. प्रानोम अजून ती पायरी ओलांडून, थेट अंगणात पाय टाकते.