स्वभावाला मार्क

जुन्या कागदांच्या खोलीत दोन माणसं महिनाभर बसवा, कामाआधी किस्सेच जमतात! आमच्या बालाघाटच्या दवाखान्यात तेच झालं. मनोविकार विभागात नागपूरहून नव्या मॅडम आल्या. ज्यांचं स्वभावापायी घरीदारी कुणाशीच जमत नाही, अशा पेशंटांच्या जुन्या फायली वाचायच्या आणि आजार हलका, मध्यम की गंभीर ते ठरवायचं, असं त्यांनी काम काढलं. भांडणं किती, कामं किती सुटली, दवाखान्यात फेऱ्या किती, सगळ्याला मार्क; मार्क जास्त तितका आजार गंभीर. वाचायला मी, म्हणजे रेकॉर्ड क्लार्क, आणि रामटेके सिस्टर.

पहिल्या दिवशी मॅडमनी सरावासाठी नाव झाकलेला एक कागद दिला. 'लहानसहान गोष्टींवरून चिडतो. कुणाचं ऐकत नाही. स्वतःला फार शहाणा समजतो.' आम्ही दोघांनी छातीठोकपणे लिहिलं, गंभीर!

"कोण होय हा पेशंट?" सिस्टरनी विचारलं.

"माझे मिस्टर," मॅडम म्हणाल्या. "माहिती मी दिली आहे."

तेव्हापासून माहिती कुणी दिली तेही बघायचं, असा नियम झाला. मिस्टर डबा द्यायला आले की सिस्टर त्यांना फार जपून नमस्कार करायच्या.

मग मलाजखंडच्या खाणीवरचा एक ड्रायव्हर. वर्षात चार मालक! सिस्टरनी कामाच्या रकान्यात पूर्ण मार्क दिले. तो तपासणीला आला तेव्हा त्यांनी मायेनं समजावलंही, "भाऊ, एका जागी टिकत जा ना!"

"म्या तं तिथंच हाव सिस्टर, त्याच गाडीवर. ठेकेदारच बदलून राह्यले!"

बिरसाच्या एका काकांची फाईल सगळ्यात जाड. इतक्या लांबून दर आठवड्याला फेरी! मी गंभीर लिहून मोकळा झालो. मॅडमनी कारण विचारलं तर काका लाजले.

"बेटी का ससुराल यहीं पीछे है, मॅडम. बिना काम के हर हफ्ते जाऊँ तो समधी क्या कहेंगे?"

मॅडमनी फेऱ्यांचे मार्क खोडले आणि पुढच्या आठवड्याची तारीख लिहून दिली.

एका सासू-सुनेच्या फायली तर एकाच दिवसाच्या. सासूची माहिती सुनेनं दिलेली, सुनेची सासूनं. दोघी गंभीर!

"दोघींले संगंच बोलावू का?" सिस्टर म्हणाल्या.

"नको, खुर्च्या नव्या आहेत," मॅडम म्हणाल्या.

कमलाबाईंचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. परसवाड्याकडच्या एका शाळेत त्या स्वयंपाक करायच्या. कुणीतरी तक्रार केली, बाई भांडखोर आहे, डोक्याचा इलाज चालू आहे. शाळेनं दवाखान्याचा कागद मागितला. त्यावर गंभीर आलं की काम गेलं. फाईलमध्ये नऊ फेऱ्या आणि नऊ वेळा एकच शेरा, 'खिडकी पर झगड़ा किया।' सिस्टरनी बेरीज केली. गंभीर. कमलाबाई समोर बसलेल्या. मॅडमनी पेन उघडलं.

"थांबा मॅडम," मी म्हणालो.

अक्षर माझं होतं.

तेव्हा मी नोंदणीच्या खिडकीवर बसायचो आणि चहासाठी ती वेळेआधीच लावून घ्यायचो. बाकीचे पेशंट गुपचूप बसून राहायचे. कमलाबाई तेवढ्या खिडकी ठोकायच्या. परत आलो की मी रागारागानं त्यांच्या कागदावर शेरा मारायचो. हे सगळं मी त्यांच्यासमोरच सांगितलं.

"म्या कुठं भांडत होती? खिडकी खोला म्हणत होती," कमलाबाई म्हणाल्या. "पहिल्या गाडीनं येऊन लायनीत उभी राहत होती ना म्या!"

मॅडमनी नऊही शेऱ्यांचे मार्क काढून टाकले. बेरीज हलक्याच्याही खाली आली. बाईंचा कागद सही-शिक्क्यासह तयार झाला. मग मॅडमनी एक कोरा फॉर्म घेतला, वर माझं नाव लिहिलं आणि कमलाबाईंकडे वळल्या.

"आता सांगा, या बाबूंचं काय लिहू?"

कमलाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं.

"मध्यम लिहा मॅडम. गंभीर लिहिलं तं नोकरी जाते माणसाची."