बॅन्डवाला क्लाइव्ह

बुधवारी पहाटे, इथे अमेरिकेत, कॅरीतल्या आमच्या शेजारणीच्या बॅकयार्डात, माझ्या बाबांनी ट्रम्पेट वाजवलं! तेही सत्तरी ओलांडल्यावर, तोंडात कवळी असताना... मी अजून हवेतच आहे, त्यामुळे पोस्ट लांबली तर सांभाळून घ्या.

शेजारीण म्हणजे मार्गरेट आजी. मूळची ऑस्ट्रेलियाची, दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून इकडे आली. तिचा मोठा भाऊ क्लाइव्ह त्याच युद्धात, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात मारला गेला. दर पंचवीस एप्रिलला ऑस्ट्रेलियात शहिदांचा दिवस असतो. त्या पहाटे आजी अंगणात क्लाइव्हचा फोटो मांडते आणि शहिदांसाठी बिगुलावर वाजवतात ती धून कॅसेटवर लावते.

यंदा सोमवारीच टेपरेकॉर्डरने ती कॅसेट खाल्ली. पुढच्या महिन्यात आजी घर विकून मुलाकडे ओहायोला चाललीये, म्हणजे या अंगणातली ही शेवटची वेळ... बिचारी पोर्चमध्ये पेन्सिलीने रीळ गुंडाळत रडत बसली होती.

बाबा सध्या आमच्याकडे आलेत. ड्राइव्ह करता येत नाही म्हणजे इथे माणूस घरातच कोंडलेला, म्हणून ते कॉलनीत फेऱ्या मारत असतात. त्यांनी आजीला पाहिलं आणि मला ओढतच तिकडे नेलं. बाबा फौजेत, पलटणीच्या बॅन्डमध्ये बिगूल वाजवायचे. हे ते सहसा सांगत नाहीत, लोक लगेच लग्नाच्या वरातीवर जातात! हीच धून आपल्या फौजेतही वाजते, बुधवारी बाबाच वाजवतील, असं मी सांगितल्यावर आजीने त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

आता शब्द तर दिला, पण बिगूल कुठाय? माझी लेक इरा शाळेच्या बॅन्डमध्ये ट्रम्पेट वाजवते, तेच घेतलं. "याला बटणं कशाला?" म्हणत बाबांनी बटणांना हातही लावला नाही. पहिल्या फुंकीला नुसती हवा, मग म्हैस हंबरल्यासारखा आवाज... आणि कवळी सटकली. "आजोबा, प्लीज डू दॅट अगेन!" म्हणत इरा हसून लोळायला लागली.

मग गराज बंद करून रियाज. मंगळवार संध्याकाळपर्यंत बाबांचे ओठ सुजले, पण वरचा सूर काही लागेना. मी म्हटलं, इंटरनेटवरून डाउनलोड करते ना... त्यांनी असं काही बघितलं की मी गुपचूप भात टाकायला गेले.

बुधवारी उजाडताना आम्ही सगळे ओल्या गवतात उभे. टेबलावर हसऱ्या क्लाइव्हचा फोटो, समोर कडक इस्त्रीच्या शर्टात बाबा. धून सुरू झाली, वरचा सूर जवळ आला, मी डोळे गच्च मिटले... आणि लागला!! थोडा चिरकला, पण काय लागला राव! पलीकडची कुत्री भुंकायला लागली. बाबांनी फोटोला सॅल्यूट ठोकला.

नंतर आजीच्या किचनमध्ये चहा. ती क्लाइव्हबद्दल सांगत होती, मी बाबांना मराठीत सांगत होते. मेंढ्यांच्या गावातला पोरगा, आठवडाभर लोकर कातरायचा आणि शनिवारी गावच्या बॅन्डमध्ये वाजवायचा. फौजेतही तो बॅन्डमध्येच गेला. वाळवंटात लढाई सुरू झाली तशी वाद्यं पेट्यांत गेली आणि बॅन्डवाल्यांच्या हातात स्ट्रेचर आले. एका जखमीला पोचवून क्लाइव्ह दुसऱ्याला आणायला परत गेला, तेव्हा तोफगोळा पडला.

"बंदूक मात्र त्याने कधी उचलली नाही," आजी हळूच म्हणाली. तिचे वडील स्वतः जुने सैनिक. त्यांनी शेवटपर्यंत आपल्या मुलाला शिपाई मानलंच नाही, कोणी विचारलं तर 'बॅन्डमध्ये होता' एवढंच सांगायचे.

मी पुढचं सांगायच्या आत बाबा खुर्चीवरून उठले. "मॅडम, सेम मी! सेव्हन्टीवन वॉर! बॅन्ड गोज फ्रंट. टू हॅन्ड्स स्ट्रेचर... गन कुठे धरणार?" मग ते मराठीत सुटले. गोळीबारात बाकीचे खंदकात डोकं खाली घालून असतात आणि बॅन्डवाला उघड्यावर पळत असतो. पडलेला शिपाई देवाच्या खालोखाल त्याचीच वाट बघतो... हे मी आजीला इंग्लिशमध्ये सांगितलं. बाबांनी मलासुद्धा हे कधी सांगितलं नव्हतं.

आजी उठली आणि तिने थेट ऑस्ट्रेलियाला धाकट्या बहिणीला फोन लावला. "जॉइस, ऐक! आपला क्लाइव्ह सगळ्यांच्या पुढे होता! इथे एक सोल्जर बसलाय, तो सांगतोय!" दोघी फोनवर रडत काय होत्या, हसत काय होत्या...

क्लाइव्ह, मी तुला कधी पाहिलं नाही. पण एवढ्या वर्षांनी तू शिपाई म्हणून घरी आलास, आणि दार उघडलं तेव्हा मी तिथे होते... थँक यू रे.