ताईच्या सासूबाई आणि करवतमाशी

अळी दिसली की माणसं दोनच गोष्टी करतात, किंचाळतात किंवा चिरडतात. तिसरी गोष्ट करणारी, म्हणजे जागच्या जागी उकिडवी बसून अळीचे पाय मोजणारी, उभ्या रायगड जिल्ह्यात एकच व्यक्ती आहे आणि ती माझ्या ताईची सासू आहे. रोह्याच्या शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवून माई निवृत्त झाल्या, पण तपासणी काही थांबली नाही. उत्तरपत्रिकांऐवजी आता झाडांची पानं तपासतात, एवढाच फरक. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग, आणि पर्समध्ये दाभणाने झाकणाला भोकं पाडलेले श्रीखंडाचे रिकामे डबे. हे डबे घरात कुठेही सापडतात. थंड देशांतल्या किड्यांच्या कोषांना थंडी सोसते, तर आपल्याकडच्यांना सोसते का पाहू, म्हणून माईंनी एकदा एक डबा फ्रिजमध्ये ठेवला. भावोजी रात्रीच्या जेवणानंतर चमचा घेऊन तो उघडायला गेले. त्या दिवसापासून त्यांनी श्रीखंड सोडलं आहे, आम्रखंडसुद्धा ते लांबूनच बघतात. माई मात्र महिनाभर एकच गोष्ट घोकत होत्या, "झाकण उघडं ठेवलं रे त्याने! तापमान चढलं ना!"

ताईला बघायला ही मंडळी पेणला आमच्या घरी आली तेव्हाची गोष्ट आमची आई अजून सांगते. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाची आईच कुठे दिसेना. शोधलं तर बाई परसात मुळ्याच्या वाफ्याशी बसलेल्या. त्यांनी ताईला हाक मारली. आईला वाटलं, आता स्वयंपाकाचं विचारणार. माईंनी तळहातावरची काळी अळी पुढे केली आणि विचारलं, "पोटाखालचे पाय मोजून सांग." ताई घाबरली नाही. तिने नाक मुरडलं, पण मोजले. "आठ जोड्या," ती म्हणाली. माई उठल्या, पदर झटकला आणि ओसरीवर येऊन जाहीर केलं, "मुलगी पसंत. हिला मोजता येतं." आईने त्या रात्री बाबांना दोनदा विचारलं, घराणं बरं आहे ना?

पायांचं हे वेड निव्वळ वेड नव्हे, त्यामागे शास्त्र आहे, आणि ते ऐकल्याशिवाय माईंच्या घरून कुणाला चहा पिऊन सुटता येत नाही. फुलपाखराच्या किंवा पतंगाच्या अळीला पोटाखाली फार तर पाच जोड्या पाय. सहा किंवा त्याहून जास्त दिसल्या की समजायचं, ही करवतमाशीची अळी. नावात माशी असली तरी ती माशी नव्हेच. चार पंखांची, गांधीलमाशीची आणि मधमाशीची चुलत बहीण. मादीच्या शेपटाशी करवतीसारखं दातेरी हत्यार असतं, त्याने ती पान चिरते आणि चिरेत अंडं सरकवते. यांतल्या आकाराने मोठ्या, पानं खाणाऱ्या करवतमाश्या हे माईंचं खरं प्रेम. त्या राहतात थंड मुलखांत, मिशांच्या टोकाला गदेसारखी गाठ घेऊन फिरतात, आणि अळीला डिवचलं तर अंगातून रसाची पिचकारी मारते. त्यांच्या कुळाच्या चार शाखा, त्यातली कोण बर्चच्या झाडावर जेवते, कोण एल्मवर, कोण हनीसकलच्या वेलीवर, हे माईंना तोंडपाठ. सासरचा छापील कुळवृत्तांत गेली कित्येक वर्षं त्यांच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली आहे.

यातल्या काही विलोच्या झाडावर जगतात, आणि विलोचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे नदीकाठचा वाळुंज, एवढा धागा माईंना पुरला. कुंडलिकेच्या काठच्या वाळुंजांची फांदी न् फांदी त्यांनी तपासली आहे. एकदा पाण्यावर झुकलेली फांदी धरून त्या वाकल्या असताना समोरून होडीतला माणूस ओरडत आला, "आजी, उडी नका मारू! घरातलं भांडान घरात मिटवा गो!" माई मान न वळवता म्हणाल्या, "गप्प बस रे, मोजतेय." पाच जोड्या निघाल्या. साध्या पतंगाची अळी. माईंनी तिला परत पानावर ठेवलं आणि रागाने तिच्याकडे पाठ केली.

आता माझी बाजू. पेणच्या बाजारात माझं बियाणं आणि औषधांचं दुकान आहे, म्हणजे माई ज्यांचे पाय मोजतात त्यांना मारायची औषधं मी विकतो. तरी त्या पेणला आल्या की दुकानातल्या स्टुलावर तासभर बसतात आणि माझ्या गिऱ्हाइकांना घाबरवतात. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत त्या अशाच बसल्या होत्या, तेवढ्यात गागोद्याकडच्या एका वाडीवरची वनिताबाई आली आणि तिने काउंटरवर मुळ्याची जुडी आपटली. पाल्याची नुसती चाळण झाली होती.

"दादा, तुझी पावडर खाऊन अळ्यांनी बाळसं धरलाय! तीनदा मारली. एक मेली नाय."

वाडीवरच्या दहाजणींनी त्या वर्षी पहिल्यांदाच एकत्र येऊन भात निघालेल्या रानात मुळा लावला होता. मुळ्याचा पाला घरोघरी भाजीत जातो, पोरं खातात, म्हणून जहाल विष नको, असं त्यांनीच ठरवलं आणि मी अळ्यांसाठीची जिवाणूंची भुकटी दिली होती. नवऱ्यांनी आधीच भाकीत केलं होतं की बायकांचा मळा संक्रांत काही बघायचा नाही. आता ते बांधावर उभे राहून हसत होते. कुठलाही दुकानदार म्हणतो तेच मी म्हणालो, "प्रमाण चुकलं असेल."

"प्रमाण नाही, कूळ चुकलंय," स्टुलावरून आवाज आला. माईंनी भिंग लावलं होतं. "तुझी भुकटी फुलपाखरांच्या-पतंगांच्या अळ्यांसाठी. ही करवतमाशीची पोर आहे. हिला त्या भुकटीचं काय सोयरसुतक?"

गिऱ्हाइकासमोर माझी अशी शोभा झाली, पण खरी लढाई पुढेच होती. दुसऱ्या दिवशी माई आणि मी वाडीवर पोचलो, मागोमाग भुकटी बनवणाऱ्या कंपनीचे साहेब आले. अळी न बघताच ते म्हणाले, ही लष्करी अळी, पतंगाचीच जात, आता जोरदार औषध मारा.

"मंग पाल्याचा काय करायचा?" वनिताबाईने विचारलं.

"फेकून द्यायचा."

बांधावरच्या एका नवऱ्याला खोकला आला. तेव्हा माईंनी चपला काढल्या, पदर खोचला, वाफ्यात उतरल्या आणि एक रोप स्टीलच्या ताटावर हलवलं. टपटप पंधरावीस अळ्या पडल्या, वेटोळं करून, निपचित.

"मेल्या!" कुणीतरी म्हणालं.

"सोंग आहे. थांबा, उलगडतील. पुढचे तीन जोड सोडा, ते सगळ्यांनाच असतात. त्यामागचे मोजा."

दहा डोकी ताटावर वाकली. "एक, दोन… अगो ताट हलवू नको गो!… सात, आठ!" दुसरी म्हणाली आठ, तिसरी म्हणाली आठ. माईंनी भिंग साहेबांपुढे धरलं. साहेब सातापर्यंत पोचले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजले आणि बारीक आवाजात म्हणाले, "आठ आहेत."

"आणि पतंगाला?" माईंनी वर्गात विचारतात तसं विचारलं.

"पाच," दहाजणी एका आवाजात ओरडल्या. हे त्यांना माईंनी साहेब यायच्या आधीच पढवून ठेवलं होतं.

मग माईंचा हुकूम सुटला. अळ्या खातात सकाळी आणि संध्याकाळी, तेव्हाच निघायचं. खाली साबणाच्या पाण्याचं ताट धरायचं आणि रोप हलवायचं. सोंग घ्यायची खोड त्यांचीच, तिनेच त्या बुडतील. पीक निघालं की माती उलटी करायची, कारण कोष मातीत असतात. दहाजणींनी आठ दिवस वाफा न् वाफा हलवला. तिसऱ्या दिवशी नवरेही ताटं धरायला आले, न बोलवता. नवव्या दिवशी गाभ्यातून कोवळी पानं वर आली, हिरवीगार, सबंध.

माईंनी काही अळ्या मातीसकट बरणीत घालून माझ्या काउंटरवर ठेवल्या होत्या, "पुरावा" म्हणून. एके सकाळी त्यातून नारिंगी पोटाचा, धुरकट काळ्या पंखांचा किडा बाहेर आला. मी फोन केला. माई पहिल्या गाडीने पेणला हजर. योगायोगाने साहेबही आले होते. माईंनी भिंग दिलं, "पंख मोजा." चार. "आता शेपटाशी बघा." साहेबांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा शाळकरी पोरासारखा उजळला. "दाते आहेत हो! खरंच करवत आहे!" मग जरा अडखळत म्हणाले, "मॅडम, आमच्या माणसांना एकदा शिकवाल?"

"आधी त्यांना बूट काढून रानात उतरायला सांगा," माई म्हणाल्या.

संक्रांतीच्या आधी मुळ्याने भरलेला टेंपो पेणच्या बाजारात शिरला. वर बसलेल्या दहाजणी गाणी म्हणत होत्या. वनिताबाईने भर बाजारात माईंच्या हातात सगळ्यात मोठी जुडी दिली आणि वाकून पाया पडली. लोक टाळ्या वाजवत होते. माईंनी पाला उलटसुलट करून पाहिला. एकाही पानाला भोक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता आणि अळी न सापडल्याची किंचित निराशाही.

मी त्यांना गाडीने रोह्याला सोडायला निघालो. जुडी मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. नागोठणं मागे पडलं. मग बाहेर बघत म्हणाल्या, "पुस्तकात करवतमाशीवर दोनच ओळी होत्या. परीक्षेला येत नाही म्हणून मुलं ते पान सोडून द्यायची. मी फळ्यावर चित्र काढायचे. इतक्या वर्षांत एकदाही कुणी म्हणालं नाही, बाई, खरी दाखवा."

मी गाडी जरा हळू केली.

"त्या बायकांनी माझी पाठ वळल्यावर, आपल्या आपण, दुसऱ्यांदा मोजले. पाहिलंस तू?"

मी पाहिलं नव्हतं. तरी "हो" म्हणालो.

"दुसऱ्यांदा," माई स्वतःशीच म्हणाल्या, आणि भिंग पदराने पुसत बसल्या, रोहा येईपर्यंत.