लुझताईचा खोका

आमचा गंधार दिवस भरायच्या आधीच जन्मला आणि आयर्लंडमधल्या स्लायगोच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत पडला. त्याच्या नर्सचं नाव लुझविमिंदा. एवढं नाव माझ्या तोंडी बसेना, म्हणून मी तिला लुझताई करून टाकलं. फिलिपिन्सहून ऐन तारुण्यात आलेली ही बाई स्लायगोच्या पावसातच पिकली होती. इतरांना ती तिथल्या बोलीत ‘बाळ ग्रँड आहे’, म्हणजे छान आहे, म्हणून वाटेला लावायची. मला मात्र खुर्चीत बसवून खरं काय ते सांगायची.

मी काचेला हात लावून रडत होते, तेव्हा तिने स्वतःची कथा सांगितली. तीही अशीच मूठभर, वीज नसलेल्या गावात जन्मलेली. त्यांच्याकडच्या फे देल मुंदो नावाच्या डॉक्टरीणबाईंनी अशा गावांसाठी एक युक्ती काढली होती: बांबूच्या दोन टोपल्या, एकीत दुसरी, आणि मधल्या फटीत गरम पाण्याच्या बाटल्या. गावच्या सुईणीला ती ठाऊक होती. लुझताईच्या आईने त्या टोपलीशेजारीच मुक्काम ठोकला. “गार झाली की परत भरायची,” आई पुढे सांगायची, “बाकी मी काय केलं?” मला त्या आईचा हेवा वाटला. माझ्या हातांना तेवढंही काम नव्हतं.

गंधार वाचला, शाळेत जाऊ लागला, मराठीत विचारलं की आयरिश इंग्रजीत उलट उत्तरं देऊ लागला. लुझताई घरचीच झाली. तिकडे तिची आई थकली. भर उकाड्यात म्हातारीचे हातपाय गार पडायचे. लुझताईने लोकरी कव्हरची शेकायची रबरी पिशवी घेतली आणि बालिकबायानच्या तळाशी ठेवली. बालिकबायान म्हणजे परदेशातल्या लेकरांनी जहाजाने घरी धाडायचा भलामोठा खोका. तिकडे अशी पिशवी मिळत नाही का? मिळते. पण ती लेकीने पाठवलेली नसते.

मी म्हटलं, अगं, पिशवी कुरियरने धाड. पण खोका काठोकाठ भरल्याशिवाय पाठवायचा नाही, अशी त्यांची रीत.

“एकटी पिशवी गेली तर गल्लीत आईचं नाक कापलं जाईल,” ती म्हणाली.

मग चॉकलेटं, साबण, भाच्यांचे बूट असं करत करत खोका भरेपर्यंत हिवाळा सरला. त्या रीतीचा मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

खोका समुद्रात असताना आई गेली. लुझताई विमानाने धावली, आईला माती देऊन परतली. खोका त्यानंतर पोचला.

त्या रविवारी ती आमच्याकडे होती. फोनवर तिची बहीण खोका उघडताना दिसत होती. त्यांची भाषा मला कळत नव्हती. लुझताईच मधून मधून सांगत होती. सगळ्यात शेवटी पिशवी निघाली. ही आता कुणाला देऊ, असं बहिणीने विचारलं. भर आणि आईच्या खाटेवर ठेव, असं लुझताईने सांगितलं. बहिणीने पाणी तापवलं, पिशवी भरली, रिकाम्या खाटेवर ठेवून वर चादर ओढली. मला तिकडे बघवेना.

मी चहा केला. लुझताईने तो घेतला, गंधारचा गृहपाठ पाहिला, कोट चढवला. दाराशी थांबून तिने पुन्हा फोन लावला.

“गार झाली असेल,” ती मला म्हणाली. “परत भरायला सांगते.”